लीगमध्ये कोणाकडेच नसलेला खेळाडू कसा शोधायचा?

आमच्या फॅन्टसी फुटबॉलच्या मिनी-लीगमध्ये, म्हणजे ओळखीच्यांच्या खासगी गटात, अकरा जण आहेत. बरेचसे चादर-टॉवेलच्या धंद्यातले, दोघे बँकेतले, एक मावसभाऊ आता पुण्यात असतो, आणि एक आमची धाकटी वहिनी, जी सामना क्वचितच बघते आणि दरवर्षी पहिल्या तिनात असते. पैसे कोणी लावत नाही. मे महिन्यात शेवटचा येणारा बाकी दहा जणांना मटण आणि कडक भाकरी खाऊ घालतो, एवढंच.

दर ऑगस्टमध्ये कोणीतरी नवीन येतो आणि आठवड्याभरात सोलापूरच्या पार्क चौकातल्या टपरीवर तोच प्रश्न विचारतो, "कोणाकडे नसलेला एखादा सांग की." त्याला हवा असतो तो डिफरन्शिअल, म्हणजे फार थोड्या लोकांनी घेतलेला पण गुण देऊ शकणारा खेळाडू. नाव सांगून उपयोग नाही, दोन आठवड्यांत शिळं होतं. शोधायचं कसं ते सांगतो.

आधी खेळाची ओळख

बोलतोय ते एफपीएलबद्दल, म्हणजे इंग्लिश प्रीमियर लीगच्या अधिकृत फॅन्टसी खेळाबद्दल. आपण निवडलेले खेळाडू खऱ्या सामन्यांत जे करतात, त्याचे गुण आपल्याला. फुकट आहे. १०० चं बजेट (म्हणजे १० कोटी पौंड, पण सगळे नुसतं १०० म्हणतात), त्यात १५ खेळाडू: दोन गोलकीपर, पाच डिफेंडर, पाच मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड. एका क्लबचे तीनच चालतात. दर आठवड्याला एक बदल फुकट मिळतो, न वापरलेले पाचपर्यंत साठवता येतात, त्यावर प्रत्येक बदलाला ४ गुण कापले जातात. त्याला हिट घेणं म्हणतात.

गुण असे: ६० मिनिटं खेळला तर २, त्याहून कमी खेळला तर १. गोलला फॉरवर्डला ४, मिडफिल्डरला ५, डिफेंडरला ६. असिस्टला, म्हणजे गोलचा पास देणाऱ्याला, ३. संघाने गोल खाल्ला नाही आणि खेळाडू ६० मिनिटं मैदानावर असला तर क्लीन शीटचे डिफेंडर आणि कीपरला ४, मिडफिल्डरला १, फॉरवर्डला काही नाही. सामन्यातल्या सर्वोत्तम तिघांना ३, २, १ असा बोनस. कॅप्टनचे गुण दुप्पट. नियम दरवर्षी थोडे हलतात, ऑगस्टमध्ये एकदा वाचून घ्या. वाइल्डकार्ड वगैरे चिप्स (मोजक्या वेळाच वापरायच्या खास सवलती) हा वेगळा विषय, नवख्याने आत्ता त्यात पडू नये.

पहिली पायरी: टक्केवारी आपल्या लीगमध्ये मोजा

ॲपमध्ये खेळाडूच्या नावावर टिचकी मारली की तो किती टक्के संघांत आहे ते दिसतं. सर्वसाधारणपणे १० टक्क्यांच्या खाली असेल त्याला डिफरन्शिअल म्हणतात. काही जण ५ च्या खालीच मानतात.

पण हा आकडा जगभरचा आहे. एक कोटीहून जास्त संघ असतात आणि त्यातले कितीतरी ऑक्टोबरपर्यंत वाऱ्यावर सोडलेले असतात. म्हणून तीन महिने जखमी असलेला खेळाडूही १२ टक्क्यांवर दिसतो, त्याला काढायला मालकच उरलेला नसतो. उलट एखादा ६ टक्केवाला तुमच्या लीगमध्ये अकरापैकी पाच जणांकडे निघतो, कारण पाचही जण एकच यूट्यूब चॅनेल बघतात. आमच्याकडे हे दरवर्षी होतं.

तेव्हा मिनी-लीगच्या यादीत एकेकाच्या नावावर टिचकी मारा आणि गेल्या आठवड्याचा संघ बघा. चालू आठवड्यातले बदल डेडलाइन संपेपर्यंत दिसत नाहीत, पण अंदाजाला तेवढं पुरतं. कागदावर नावं लिहा, पुढे रेघा मारा. सात-आठ रेघांवाले खेळाडू म्हणजे टेम्पलेट. एक किंवा शून्य रेघ असलेले तुमचं मैदान. दहा मिनिटांचं काम आहे, आणि आमच्यात वहिनी सोडून हे कोणी करत नाही.

दुसरी पायरी: नसण्याची किंमत समजून घ्या

नवखा इथेच फसतो. त्याला वाटतं, सगळ्यांहून वेगळं असणं म्हणजेच हुशारी. पहिल्याच आठवड्यात हालंडला, म्हणजे धडाधड गोल करणाऱ्या फॉरवर्डला, वगळतो.

हिशेब करून बघा. अकरापैकी आठ जणांनी हालंडला कॅप्टन केलंय. त्याने दोन गोल केले: ४ आणि ४, खेळल्याचे २, बोनसचे ३. झाले १३, कॅप्टन म्हणून २६. तुमच्याकडे तो नाही. तुमच्या 'शोधलेल्या' मिडफिल्डरने गोल केला: ५ आणि २, वर २ बोनस. झाले ९. मिडफिल्डरचा गोल लागला, तुम्ही टपरीवर ओरडलात, आणि तरी आठ जणांच्या १७ गुणांनी मागे गेलात.

२०२४-२५ मध्ये लिव्हरपूलच्या सालाहने ३४४ गुण केले, एफपीएलमध्ये एका हंगामात एवढे कोणीच केले नव्हते. तो महाग म्हणून ज्यांनी घेतला नाही, त्यांचे बाकी डिफरन्शिअल कितीही चालले तरी ती दरी भरली नाही. शेंगाची चटणी तोंडी लावायला असते, पोट भाकरीनेच भरतं. संघात आठ-नऊ जण सगळ्यांकडे आहेत तसलेच असू द्या. डिफरन्शिअल दोन, फार तर तीन. मी एका हंगामात एकदम सहा घेतले होते. त्या वर्षीचं मटण माझ्याकडे होतं.

आणि तुम्ही लीगमध्ये आघाडीवर असाल तर डिफरन्शिअलची गरजच काय? मागच्याचा संघ बघा आणि त्याच्याकडचे मोठे खेळाडू आपल्याकडेही ठेवा, म्हणजे त्याला वर यायला वाट राहत नाही. कंटाळवाणं आहे, पण चालतं. वेगळं जायचं ते मागे असलेल्याने.

तिसरी पायरी: मिनिटं

सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

कमी लोकांकडे असलेल्या दहा खेळाडूंपैकी सात-आठ जण योग्य कारणानेच कमी लोकांकडे असतात: ते पूर्ण खेळत नाहीत. मोठ्या क्लबचा नाचरा विंगर, वीस मिनिटांसाठी येतो, एक सुंदर गोल करतो, क्लिप व्हायरल होते. तुम्ही घेता. पुढच्या शनिवारी तो ८४ व्या मिनिटाला उतरतो आणि १ गुण देतो.

तो १ गुण शून्यापेक्षा वाईट असतो. खेळाडू अजिबात उतरला नाही तर तुमच्या बेंचवरचा राखीव खेळाडू आपोआप आत येतो आणि कदाचित ६ गुण आणतो. सहा मिनिटं खेळला की ती वाट बंद. बेंचवरचे गुण बघत बसायचं.

म्हणून शेवटचे पाच लीग सामने काढा. ॲपमध्ये खेळाडूच्या पानावर प्रत्येक सामन्याची मिनिटं असतात. पाचपैकी चारमध्ये ७५ च्या वर असतील तर पुढे वाचा, नाहीतर पान बंद करा. गोल बघूच नका आत्ता. मिनिटं अचानक वाढली असतील तर कारण शोधा. दुसरा जखमी झाल्यामुळे जागा मिळाली असेल तर तो परत कधी येणार? नवीन कोच आलाय का? आठवड्याच्या मध्ये युरोपातला सामना आहे का? असला तर शनिवारी विश्रांती मिळण्याची शक्यता असते. छोट्या क्लबच्या खेळाडूंचा हा मोठा फायदा: मंगळवार-बुधवारी त्यांना सहसा कुठे जायचं नसतं, आणि त्यांच्या जागेवर दुसरा चांगला माणूसच नसतो.

कोचची पत्रकार परिषद बहुतेक गुरुवारी-शुक्रवारी असते. 'तो बरा आहे, सराव केला' हे ऐकू आलं तरी लगेच भुलू नका. अंतिम अकरा जाहीर होतात ते आपली डेडलाइन उलटून गेल्यावर.

चौथी पायरी: तो मैदानावर करतो काय?

मिनिटांच्या चाळणीतून पाच-सहा नावं उरतील. आता काम बघा. पहिला प्रश्न: पेनल्टी कोण घेतो? चार पेनल्टींपैकी तीन तरी गोल होतात, म्हणजे पेनल्टी मारणाऱ्याच्या खात्यात प्रत्येक वेळी पाऊण गोल आधीच जमा असतो. दुसरा: कॉर्नर आणि फ्री किक कोण घेतो? तिथून असिस्ट येतात.

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. खेळात त्याची नोंद एका जागी आणि मैदानावर तो दुसऱ्याच जागी, असं आहे का? मिडफिल्डर म्हणून नोंदलेला माणूस सगळ्यात पुढे खेळत असेल तर त्याच गोलला ४ ऐवजी ५ मिळतात. २०१९-२० मध्ये शेफील्ड युनायटेडचा जॉन लुंडस्ट्रम ४.० ला मिळत होता, म्हणजे सगळ्यात स्वस्त डिफेंडरांच्या भावात. एफपीएलने डिफेंडर लिहिलेला, खेळायचा मिडफिल्डमध्ये. नोव्हेंबरात बर्नलीविरुद्ध ३-० जिंकले, त्याचे दोन गोल. हिशेब करा: गोलचे १२, क्लीन शीट ४, खेळल्याचे २, बोनस ३. एकूण २१, बेंच भरायला घेतलेल्या माणसाचे! तोवर तो पुष्कळांकडे पोचला होता, पण ऑगस्टमध्ये त्याची जागा बघून ज्यांनी घेतला, त्यांची बाकीची रक्कम मोकळी राहिली.

आता पामरची गोष्ट, कारण ती माझ्या चुकीची आहे. कोल पामर १ सप्टेंबर २०२३ ला मँचेस्टर सिटीतून चेल्सीत आला. किंमत ५.०. सुरुवातीला बेंचवरून यायचा, तेव्हा न घेणं बरोबरच होतं. मग पहिल्या अकरांत आला. ऑक्टोबरात बर्नलीविरुद्ध पेनल्टी मिळाली, ती त्याने मारली. पुढे आर्सेनलविरुद्ध मिळाली, तीही त्यानेच. इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती: मिनिटं आली, पेनल्टी आली, किंमत बेंचवाल्याची. मी काय म्हणालो? "पोरगं आहे, बघू." १२ नोव्हेंबरला सिटीविरुद्ध ४-४ च्या सामन्यात भरपाईच्या वेळेत आपल्याच जुन्या क्लबवर त्याने पेनल्टी मारली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासकट सगळे धावले. तोपर्यंत तो डिफरन्शिअल राहिलाच नव्हता. हंगामाअखेर २४४ गुण, त्या वर्षी सगळ्यांत जास्त. मावसभावाने मात्र बर्नलीच्या सामन्यानंतरच घेतला होता आणि हे तो अजून सांगतो.

२०२५-२६ पासून बचावाच्या कामाचेही गुण मिळतात. डिफेंडरने क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून दहा केले की २ गुण. मिडफिल्डर-फॉरवर्डला हाच आकडा बारा, पण त्यात परत मिळवलेले चेंडूही धरतात. यामुळे सतत मार खाणाऱ्या संघाचे उंच, दणकट सेंटर बॅक कामाचे झाले. घ्या असा एखादा, स्वस्तात मिळतो. पण त्याच्या जिवावर लीगमध्ये वर जाल असं नाही, तो नियमित ४ देईल. मागे पडलेल्याला १२-१५ ची शक्यता असलेला माणूस लागतो.

पाचवी पायरी: एक्सजी, आणि त्याची मर्यादा

एक्सजी म्हणजे मिळालेल्या संधींवरून किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज. ॲपमध्येच आकडेवारीत मिळतो, वेगळे पैसे भरू नका. पाच सामन्यांत गोल एकच, पण एक्सजी ३ च्या आसपास असेल, तर तो संधीपर्यंत पोचतोय, फक्त चेंडू आत जात नाहीये. लोक वैतागून काढून टाकतात, टक्के घसरतात. आपण घ्यायची वेळ ती. उलट, चार गोल आणि एक्सजी १ असेल तर लांबून मारलेले दोन अप्रतिम फटके लागलेत, दर आठवड्याला लागणार नाहीत.

हे सरसकट खरं असतं तर काय हवं होतं! २०२४-२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या ख्रिस वूडने २० गोल केले आणि जवळपास अख्खा हंगाम एक्सजीच्या पुढेच राहिला. 'आता थांबेल, आता थांबेल' म्हणत कित्येकांनी त्याला घेतलाच नाही. तो रोज पूर्ण वेळ खेळत होता, संघाचा एकमेव मोठा फॉरवर्ड होता, पेनल्टी त्याच्याकडे होत्या. तिसऱ्या-चौथ्या पायरीची उत्तरं चोख असतील तर एक्सजीवरून नाक मुरडू नका.

सहावी पायरी: पुढचे सामने

ॲपमध्ये येणारे सामने १ ते ५ अशा अवघडपणाच्या आकड्यांत, रंगांत दाखवतात. रंगांवर डोळे झाकून विश्वास नको, ते मोठ्या नावाला घाबरतात. मोठा क्लब सध्या घरच्या मैदानावरही गोल खात असेल तरी तो लाल दिसतो, आणि म्हणून लोक त्याच्याविरुद्धच्या खेळाडूंना हात लावत नाहीत. समोरच्या संघाने शेवटच्या पाच-सहा सामन्यांत किती गोल खाल्ले ते स्वतः मोजा.

पुढचे चार ते सहा सामने धरून घ्या, एका सामन्यासाठी कोणाला आणू नका. आणि चांगले सामने सुरू व्हायच्या एक आठवडा आधी घ्या. सुरू झाल्यावर कांद्याचा भाव पेपरात वाचून मार्केट यार्डात पोचल्यासारखं होतं.

भावाचाही एक नियम लक्षात ठेवा. खेळाडूची किंमत मागणीप्रमाणे ०.१ ने वर-खाली होते, आपल्याकडे ते पहाटे-सकाळी दिसतं. पण विकताना अर्धाच नफा मिळतो, तोही खाली आणून. ५.५ ला घेतला, ५.८ झाला, तर तुम्हाला ५.६ मिळणार. तेव्हा भाव वाढतोय म्हणून मंगळवारी घाईने घेऊ नका. बुधवारी तो सरावात पाय मुरगळून बसतो.

सातवी पायरी: घेतल्यावर

घेतलेला डिफरन्शिअल पहिल्या आठवड्यात २ गुण देईल. जवळजवळ नक्की. तेव्हा त्याला काढण्यासाठी हिट घेऊ नका. मी घेताना मोबाईलच्या नोंदवहीत एक ओळ लिहितो: "पूर्ण खेळतो, कॉर्नर घेतो, पुढचे चार सोपे." त्यातलं काही खोटं ठरलं, म्हणजे जागा गेली किंवा कॉर्नर दुसऱ्याकडे गेले, तर काढतो. तिन्ही खरं असून नुसता गोल आला नसेल तर ठेवतो.

तो चालला आणि महिन्याभरात लीगमधल्या सहा जणांकडे आला, तर काय? ठेवा. तो आता भाकरीत गेला. चटणी दुसरी शोधा. 'आता सगळ्यांकडे आहे' म्हणून चांगला खेळाडू विकणारे मी पाहिलेत, फार शिकलेले लोक होते.

कॅप्टन्सी मात्र डिफरन्शिअलला देऊ नका, मार्च-एप्रिलपर्यंत तरी. शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत तुम्ही चाळीस-पन्नास गुणांनी मागे असाल तर खुशाल द्या, तिथे गमवायला मटणाशिवाय काही नसतं.

डेडलाइन, आपल्या घड्याळात

डेडलाइन आठवड्यातल्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी असते. शनिवारचा पहिला सामना तिकडे साडेबाराला असेल तर ऑगस्टमध्ये आपल्याकडे डेडलाइन दुपारी ३.३० ला येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं तासभर मागे जातात, मग तीच डेडलाइन ४.३० ला. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा ३.३०. ऑक्टोबरातला बदल सोयीचा, एक तास जास्त मिळतो. मार्चमध्ये मात्र दरवर्षी आमच्यातला कोणीतरी चार वाजता ॲप उघडून बसतो.

जानेवारीचं माझं वेगळंच दुखणं आहे. एकदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत शनिवारी होम मैदानावर पोरांना पाळण्यात बसवलं आणि मोबाईल काढला. कॅप्टन जखमी असल्याची बातमी सकाळीच आली होती, बदल तेवढा करायचा राहिला होता. त्या गर्दीत नेटवर्क कुठलं असायला. चक्र फिरत राहिलं, वर पाळणा फिरत राहिला, साडेचार वाजून गेले. व्हाइस कॅप्टन म्हणून कोणाला ठेवलंय हेही आठवेना. निघाला गोलकीपर.

आता जानेवारीत सगळे बदल शुक्रवारी जेवण झाल्यावर करून टाकतो. फक्त त्या दिवशी सामना नाही ना, ते आधी बघावं लागतं. शुक्रवारी तिकडे रात्री आठचा सामना असला तर थंडीत आपली डेडलाइन बरोबर रात्री १२ ला येते.